उंचावरचें पाणी आणि पोहणाराचा दम

ट्रायथ्लॉन ह्या शर्यतीचें नांव आतां आपल्या घरांतूनहि ऐकूं येऊं लागलें आहे. प्रथम पोहावयाचें, पाण्यांतून निघतांच सायकल गांठावयाची, आणि सायकल टाकून शेवटीं धांवत सुटावयाचें, असा हा तिहेरी खटाटोप. १९७४ सालीं अमेरिकेंतील सॅन डिएगो शहरीं, मिशन बे नांवाच्या खाडीकांठीं, ह्या नांवाची शर्यत प्रथम झाली. पुढें १९७८ सालीं हवाई बेटांत तिचें दांडगें रूप अवतरलें, त्यांत ३.८ किलोमीटर पोहणें, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरांची धांव असते. २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिक सामन्यांत तिला मानाचें पान मिळालें. आणि २०१९ सालीं गोव्याच्या मिरामार किनाऱ्यावर निम्म्या अंतराची शर्यत झाल्यापासून आपल्याकडील तरुण मंडळीहि ह्या नादाला लागली आहे.

अशा मंडळींपैकीं माझा एक जुना विद्यार्थी. समुद्रांत पोहून पोहून तयार झालेला. परदेशांतील एका डोंगरी तलावांत शर्यत करण्याचा त्याचा बेत होता. तेथें पोहावयास वेळ अधिक लागतो असें कोणीतरी त्याला सांगितलें होतें. तो मला म्हणाला, “सर, पाणी तें पाणीच. डोंगरावर नेल्यानें तें कांहीं घट्ट होत नाहीं. मग हात तेच, पाणी तेंच, तर वेळ कां वाढावा?”

प्रश्न चांगला आहे, आणि त्यांतलें निम्में उत्तर त्या प्रश्नांतच आहे. पाणी घट्ट होत नाहीं हें खरें; पण तें विरळहि होत नाहीं, आणि पोहणाराची अडचण नेमकी तेथेंच आहे.

ती समजण्यासाठीं आधीं हवेकडे पाहिलें पाहिजे. पुष्कळांची अशी समजूत असते कीं उंचावरच्या हवेंत प्राणवायूचें प्रमाण कमी असतें. तसें नाहीं. मुंबईच्या चौपाटीवर तें शेंकडा २१ असतें, आणि हिमालयाच्या शिखरावरहि शेंकडा २१च असतें. कमी होतो तो हवेचा दाब. फ्रान्समधील पास्कल ह्या विद्वानाच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्यानें, पेरियेनें, १६४८ च्या सप्टेंबर महिन्यांत पाऱ्याची नळी पुय द दोम ह्या डोंगरावर चढविली, तेव्हां माथ्यावर पारा सुमारें आठ सेंटिमीटर खालीं आलेला दिसला. डोंगर कांहीं फार मोठा नव्हे. आपल्या कळसूबाईहून तो ठेंगणाच आहे. परंतु हवेलाहि वजन असतें आणि वर जावें तसा तिचा थर हलका होत जातो, हें त्या दिवशीं डोळ्यांना दिसलें. त्यानंतर सव्वादोनशें वर्षांनीं, १८७८ सालीं, पॉल बेर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं उंचावर माणूस कासावीस होतो तो हवेंतील प्राणवायूचा वांटा घटल्यामुळें नव्हे, तर त्या वांट्याचा दाब घटल्यामुळें. फुप्फुसांतून प्राणवायु रक्तांत शिरतो तो ह्या दाबाच्या जोरावर. समुद्रकांठीं पारा ७६० मिलिमीटरांवर उभा असतो. १,९०० मीटर उंचीवर तो सुमारें ६०० वर येतो, आणि मेक्सिको शहराच्या २,२४० मीटरांवर सुमारें ५८० वर. त्या शहरीं पाणी ९२-९३ अंशांवरच उकळूं लागतें, आणि डाळ शिजावयास वेळ घेते.

आतां असें पाहा, ह्या उंचीवर खुर्चींत बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्यास फारसें कांहीं जाणवत नाहीं. आपल्या रक्तांतील तांबड्या पेशी मोठ्या समजूतदार असतात. दाब थोडा उतरला तरी त्या आपली झोळी जवळजवळ पूर्ण भरून घेतात. पण तोच मनुष्य जिवाच्या आकांतानें श्रम करूं लागला कीं हृदय रक्ताला फुप्फुसांतून अति वेगानें हांकतें. पेशीला झोळी भरावयास पुरेसा अवधि मिळत नाहीं; आणि दाब आधींच उतरलेला. मग ती अर्धवट भरलेली झोळी घेऊनच पुढें निघते. गंमत अशी कीं ज्याचें हृदय कसून तयार झालेलें, त्याचें रक्त अधिक वेगानें वाहतें, आणि म्हणून उंचीचा चिमटा अव्वल खेळाडूला साध्या माणसापेक्षां अधिक बसतो.

ह्या सर्व गोष्टींची जगासमोर परीक्षा झाली ती १९६८ सालीं, मेक्सिको शहराच्या ऑलिंपिक सामन्यांत. त्या सामन्यांचे आंकडे कोणाहि शाळामास्तराच्या फळ्यावर शोभण्यासारखे आहेत. बॉब बीमन यानें लांब उडी ८.९० मीटर मारली. आधींचा उच्चांक ८.३५ होता. हवा विरळ, तिचा अडथळा कमी, आणि उडीला लागणारा दम तो कितीसा! उलट १०,००० मीटरांची धांव केनियाच्या नफ्ताली तेमू यानें २९ मिनिटें २७.४ सेकंदांत जिंकली, आणि तेव्हांचा जागतिक उच्चांक २७ मिनिटें ३९.४ सेकंद होता. म्हणजे जिंकणारा शेंकडा साडेसहा मागें. तो उच्चांक ज्याच्या नांवावर होता तो ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क शर्यत संपतांच बेशुद्ध पडला.

आणि पोहणारे? शंभर मीटरांत मायकेल वेंडेन यानें ५२.२ सेकंदांचा नवा जागतिक उच्चांक तेथेंच केला. परंतु १,५०० मीटरांत माइक बर्टन यानें सुवर्णपदक मिळविलें तें १६ मिनिटें ३८.९ सेकंदांत; आणि ह्याच बर्टननें थोडेच आठवडे आधीं अमेरिकेंत, समुद्रसपाटीच्या जवळ, तेंच अंतर १६ मिनिटें ८.५ सेकंदांत कापलें होतें. मनुष्य तोच, वर्ष तेंच, अंतर तेंच. वेळ मात्र ३० सेकंदांनीं, म्हणजे शेंकडा तीननें, वाढला. मुलींच्या ८०० मीटरांत डेबी मायर हिचा जागतिक उच्चांक ९ मिनिटें १०.४ सेकंद होता. मेक्सिकोंत ती जिंकली ९ मिनिटें २४ सेकंदांत, म्हणजे शेंकडा अडीचनें उशिरा. त्याच शर्यतींत तिसरी आली ती यजमान देशाची मारिया तेरेसा रामिरेझ. अंतिम शर्यतींत घड्याळापेक्षां शेजारच्या पोहणारावर अधिक लक्ष असतें, तेव्हां सगळाच फरक उंचीच्या खातीं मांडतां येणार नाहीं. तरी दोन निरनिराळे पोहणारे आणि फरक जवळजवळ एकच, ही गोष्ट बोलकी आहे.

चाणाक्ष श्रोत्यांच्या मनांत येथें एक शंका आलीच असेल. धांवणारा साडेसहा टक्के मागें पडला आणि पोहणारा तीनच टक्के, तर मग पाण्यांत उंची कमी बाधते असें म्हणावयाचें काय? नाहीं. बाधते तितकीच, पण पाण्याचा हिशेब निराळा आहे. पाणी हवेपेक्षां सुमारें आठशें पटींनीं दाट. त्याचा अडथळा वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो, आणि त्या अडथळ्याविरुद्ध पुढें सरण्यास लागणारी शक्ति जवळजवळ वेगाच्या घनाप्रमाणें. म्हणजे वेग शेंकडा दहांनीं वाढवावयाचा तर शक्ति शेंकडा तेहतीसांनीं अधिक हवी; १.१ चा घन करून पाहावा. हेंच गणित उलटें वाचावें. मेक्सिकोच्या उंचीवर दमाच्या कामांत शरीराची शक्ति साधारण नऊ-दहा टक्क्यांनीं उतरते. तिचें घनमूळ काढलें कीं वेगांतली तूट तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास येते. बर्टनचें घड्याळ आणि आपलें घनमूळ यांचा मेळ बसला, याचें मला अजून कौतुक वाटतें. धांवण्यांत मात्र शक्ति आणि वेग बहुतांशीं बरोबरीनें चालतात. शक्तींत जी तूट, जवळपास तीच वेगांत.

आतां सायकलीचें पाहा. सपाट रस्त्यावर सायकलवाल्याचा मुख्य शत्रु हवा. १,९०० मीटरांवर हवा सुमारें १७ टक्क्यांनीं विरळ होते, आणि त्याची शक्ति सात-आठ टक्क्यांनीं उतरली तरी सौदा त्याच्या फायद्याचाच ठरतो. म्हणूनच एडी मर्क्स १९७२ सालीं एका तासांत अधिकांत अधिक किती अंतर जातां येतें हें पाहण्यासाठीं मुद्दाम मेक्सिकोला गेला आणि ४९.४३१ किलोमीटर गेला. तेव्हां ट्रायथ्लॉनच्या तीन अंगांपैकीं सायकलीला उंची नुकसान करून भरपाईहि देते. धांवणाराला हवेच्या विरळपणाची किंचित् सवलत देते. पोहणाराला मात्र एक कवडीहि परत देत नाहीं. हवा विरळ झाली, पण त्याचें तोंड, छाती आणि हात ज्याच्याशीं झगडत आहेत तें पाणी समुद्रकांठीं होतें तितकेंच दाट आहे. माझ्या विद्यार्थ्याचें “पाणी तें पाणीच” हें म्हणणें ह्या अर्थानें अक्षरशः खरें होतें.

मेक्सिकोच्या त्या सामन्यांसाठीं अमेरिकेनें आपल्या पुरुष धांवपटूंची निवड एको समिट नांवाच्या खिंडींत केली होती, कारण तिची उंची मेक्सिको शहराएवढीच आहे. त्या खिंडीच्या जवळच ताहो नांवाचा विशाल तलाव कॅलिफोर्निया व नेव्हाडा ह्या दोन संस्थानांच्या सीमेवर पसरलेला आहे. पृष्ठभागाची उंची १,८९७ मीटर. म्हणजे कळसूबाईचा १,६४६ मीटरांचा माथा गांठून आणखी अडीचशें मीटर वर चढावें तेव्हां ह्या तलावाचा कांठ लागेल. ह्या तलावांत २०१३ च्या सप्टेंबरांत त्या दांडग्या अंतराची शर्यत प्रथम झाली. हवा पहाटे गोठणबिंदूच्या आसपास होती, पाणी त्या मानानें उबदार. त्यामुळें सगळ्या पृष्ठभागावरून वाफ उठत होती आणि दिशा दाखविण्यासाठीं सोडलेले तरते पिंपे नीट दिसेनात. २०१४ सालीं जवळच्या वणव्याच्या धुरामुळें शर्यत त्याच सकाळीं रद्द करावी लागली. २०१५ मध्यें ती पुन्हां झाली आणि पुढें बंद पडली. परंतु उंचावरचें पोहणें काय असतें ह्याचा नमुना म्हणून ताहोच आपण समोर ठेवूं.

समुद्रकांठीं ३.८ किलोमीटर अंतर ७० मिनिटांत कापणारा एक मनुष्य घ्या. ताहोच्या उंचीवर त्याच्या वेगांत दोन-अडीच टक्के घट धरली तर त्याला दीड-पावणेदोन मिनिटें अधिक लागावींत. एवढेंच! मग दोन मिनिटांसाठीं इतकें पाल्हाळ कशाला, असें कोणी म्हणेल. तर त्याचें कारण असें कीं हीं दोन मिनिटें ज्याला आधीं कबूल असतात त्याचीं तेवढींच जातात. ज्याला कबूल नसतात त्याचीं पांच-सात जातात, आणि क्वचित् प्रसंगीं त्याहून मोलाचें कांहीं पणाला लागतें.

तें कसें, तें सांगतों. धांवणाराला दम लागला तर तो तोंड उघडून हवा तेवढा श्वास घेतो. त्याला कोणी अडवीत नाहीं. पोहणाराचा श्वास हा त्याच्या हातांचा गुलाम आहे. तोंड पाण्याखालीं, दोन किंवा तीन हात मारल्यावर मान वळेल तेव्हां काय मिळेल तेवढी हवा. शिवाय पाण्याचा भार छातीला बाहेरून दाबतो आणि हातापायांतलें रक्त छातीकडे लोटतो, त्यामुळें छाती फुगविण्यासहि कष्ट पडतात. समुद्रसपाटीवर ह्या तुटपुंज्या श्वासावर काम चालून जातें. उंचावर त्याच श्वासांत प्राणवायु पांचव्या हिश्शानें कमी आलेला असतो, आणि तो भरून काढण्याचा एकच मार्ग म्हणजे अधिक श्वास. नेमका तोच मार्ग पाण्यानें अडविलेला. म्हणून तीन हातांनीं श्वास घेण्याची संवय असलेल्यानें तेथें दोन हातांनीं घ्यावा हें बरें. दुसरी एक खोड पुष्कळांस असते: मान वळवून बाहेर आल्यावर मग उच्छ्वास टाकूं लागतात. तेवढ्यांत श्वास घेण्याची वेळ निघून जाते. उच्छ्वास पाण्याखालींच, तोंड खालीं असतांनाच, पुरता सोडला पाहिजे. छातींत साठलेला कार्बन डायॉक्साइड वायुच मनुष्याला अधिक गुदमरवितो.

आतां शर्यतीच्या आरंभाचें दृश्य डोळ्यांपुढें आणा. शेंकडों माणसें एकदम पाण्यांत उतरतात, एकमेकांच्या अंगावरून जातात, आणि प्रत्येकजण पहिले दोनशें मीटर घरच्या अंदाजानें, किंबहुना त्याहूनहि जोरानें, मारतो. शंभर मीटरांत उंची बाधत नाहीं हें आपण वेंडेनच्या उदाहरणांत पाहिलें. कारण तेवढी शक्ति स्नायूंच्या पदरीं आधींच गांठ मारलेली असते. त्यामुळें पोहणारा फसतो. “उंची उंची म्हणतात ती कोठें आहे?” असें त्याला वाटतें. ती दोनशें मीटरांच्या पुढें उभी असते. पहिल्या मिनिटांत केलेली उसनवारी फेडावयास समुद्रकांठीं श्वास पुरतो. येथें तो चालू खर्चालाच पुरत नाहीं. मग हात जड होतात, पाय बुडूं लागतात, शरीर तिरपें होऊन अडथळा आणखी वाढतो, आणि मनुष्य थांबून पाठीवर होतो किंवा होडीला धरतो. वेळ गेला तो येथें. उंचीनें घेतला तो थोडा, घाईनें घेतला तो पुष्कळ.

त्यांत डोंगरी तलावांचें पाणी बहुधा थंड. थंड पाणी छातीला लागतांच मनुष्य आवंढा घेतल्यासारखा एकदम धापा टाकूं लागतो; हा पहिल्या एक-दोन मिनिटांचा शरीरधर्म आहे, भित्रेपणा नव्हे. तो ओसरण्याच्या आधींच बंदूक उडाली आणि वर उंचीची धाप मिळाली, तर अनुभवी पोहणारालाहि भय वाटतें. अमेरिकेंत १९८५ ते २०१६ ह्या काळांत ट्रायथ्लॉनमध्यें मृत्यु आला किंवा हृदय बंद पडलें अशा १३५ घटना अभ्यासकांनीं गोळा केल्या. त्यांपैकीं ९० पोहण्याच्या टप्प्यांतल्या होत्या. ह्या घटना उंचीमुळें घडल्या असें कोणी म्हणत नाहीं. बहुतेक शर्यती सपाटीवरच झालेल्या. परंतु तिन्ही अंगांत सर्वांत थोडा वेळ चालणारें अंग सर्वांत जोखमीचें आहे, एवढें त्यावरून दिसतें. तेव्हां शर्यतीपूर्वीं दहा मिनिटें पाण्यांत उतरून तोंड भिजवावें, चार-सहा उच्छ्वास पाण्यांत सोडावे, आणि छातींत दुखूं लागलें, खोकला येऊन फेस आला किंवा श्वास सावरेनासा झाला, तर हात वर करून होडी बोलवावी. पाठीवर उताणें होऊन होडीची वाट पाहणाऱ्याला लाज वाटण्याचें कारण नाहीं. ज्याला हृदयाचा किंवा रक्तदाबाचा विकार आहे त्यानें आपल्या डॉक्टरास विचारल्यावांचून असल्या तलावाच्या वाटेस जाऊं नये.

गोव्याच्या समुद्रांतून गेलेल्या पोहणाराला आणखी एक फरक जाणवतो. समुद्राचें खारें पाणी गोड्या पाण्याहून सुमारें अडीच टक्के जड, म्हणून तें शरीराला वर उचलून धरतें. ताहोचें पाणी गोडें. पाय थोडे अधिक बुडतात. परंतु थंडीमुळें तेथें बुडबुडे भरलेल्या रबराचा अंगासरसा पोशाख, वेटसूट, घालण्याची मुभा मिळते, आणि तो आपल्या लहानपणच्या विहिरींतल्या भोपळ्याचें काम करतो. तो मात्र छातीवर फार घट्ट नसावा. श्वास आधींच अपुरा.

संवयीनें शरीर सुधारतें काय? सुधारतें. पहिले दोन-तीन दिवस झोंप नीट लागत नाहीं आणि लघवी अधिक होऊन अंगांतलें पाणी कमी होतें. पुढें आठ-पंधरा दिवसांत श्वासाची चाल बदलते. तांबड्या पेशी खऱ्या अर्थानें वाढण्यास तीन आठवडे किंवा अधिक लागतात. तीन आठवड्यांची रजा कोणत्या कचेरींत मिळते? ज्याला ती मिळत नाहीं त्यानें निदान तिसऱ्या दिवसापर्यंत स्वतःची परीक्षा पाहूं नये.

बंदिस्त तलावांतील शर्यतींसाठीं अमेरिकेंत उंचीची सूट देणारीं कोष्टकें आहेत. त्यांत शंभर मीटरांपर्यंत कांहींच सूट नाहीं. दोनशें मीटरांपासून पुढें, अंतर आणि उंची वाढेल तसतसे अधिक सेकंद वजा करतात. खुल्या पाण्यावर असें कोष्टक चालत नाहीं. तरते पिंपे वाऱ्यानें सरकतात, धुक्यांत माणूस वांकडा जातो, एकाचे ३.८ किलोमीटर दुसऱ्याचे चार होतात. म्हणून ताहोचा आंकडा मिरामारच्या आंकड्याशेजारीं मांडून उंचीचा हिस्सा निघणार नाहीं. तो ज्याला काढावयाचा असेल त्यानें निघण्यापूर्वीं घरच्या पन्नास मीटरांच्या तलावांत १,५०० मीटर एकसारख्या चालीनें पोहून वेळ टिपावा. उंचावर पोंचल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीं तेथील तसल्याच तलावांत, तोच पोशाख घालून, पुन्हां टिपावा. दोहोंतील फरकाला पंधरानें भागलें कीं दर शंभर मीटरांमागें किती सेकंद सोडून द्यावयाचे तें कळेल. माझ्या विद्यार्थ्यास मीं हाच हिशेब वहींत लिहून दिला, आणि पहिल्या दोनशें मीटरांसाठीं त्यांत आणखी दोन सेकंद मिळविण्यास सांगितलें.